सहा लढतींचा हिशेब

वॉकर स्मिथ या नावाने १९२१ मध्ये जन्मलेला अमेरिकी मुलगा पुढे शुगर रे रॉबिन्सन म्हणून मुष्टियुद्धात अजरामर झाला. त्याचा सर्वाधिक कस लावला तो जेक लामोटाने. दोघे सहा वेळा भिडले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कची पहिली लढत रॉबिन्सनने गुणांवर जिंकली. फेब्रुवारी १९४३ मध्ये डेट्रॉइटला मात्र सुमारे सात किलोंनी जड असलेल्या लामोटाने त्याला दोरांबाहेर लोटले. सलग ४० विजयांनंतरचा हा पहिला पराभव. वजन जास्त, तर ठोशामागचा जोरही जास्त. म्हणूनच या खेळात वजनगट असतात. तीनच आठवड्यांत रॉबिन्सनने परतफेड केली. १९४५ मधील दोन्ही लढतीही त्याच्याच.

१४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागोत वजनातला फरक दोन किलोंवर आला होता. १६० पौंडांच्या मर्यादेत बसण्यासाठी लामोटाला वजन उतरवावे लागले होते. असे करताना शरीरातले पाणी घटले की दम लवकर संपतो. तेराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. लामोटा पडला नाही, पण त्याच्यात त्राण उरले नव्हते.

सहापैकी पाच विजय रॉबिन्सनचे. सुमारे २०० लढतींनंतर १९६५ मध्ये तो निवृत्त झाला. उतारवयात त्याला अल्झायमरने गाठले आणि १९८९ मध्ये, ६७व्या वर्षी तो गेला. लामोटा ९५ वर्षे जगला. एकट्या रॉबिन्सनच्या आजाराचे कारण ठामपणे सांगता येत नाही. मात्र डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. म्हणून खेळताना डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा विसरभोळेपणा जाणवला, तर सराव तिथेच थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.