शिष्यवृत्तीच्या करारापासून शिष्यवृत्तीच्या तरतुदीपर्यंत

बारावीचे निकाल लागले की पुणतांब्यातील अनेक घरांत कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि प्रवेशाची पावती एका पिशवीत घालून मुले कोपरगाव, श्रीरामपूर किंवा लोणीच्या महाविद्यालयाची वाट धरतात. त्यांतील अनुसूचित जातींची मुले ज्या योजनेचा अर्ज भरतात, तिचे सरकारी नाव 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' असे आहे. तिचा उगम १९४२ सालच्या एका निवेदनात सापडतो. ते लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले होते, आणि तिची किंमतही त्यांनी मोजली होती.

सुभेदार रामजी सकपाळ यांचा हा मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंटरपर्यंत शिक्षण झाले आणि पुढचा खर्च वडिलांना झेपेना. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी. ए. पूर्ण झाले. १९१३ साली सयाजीरावांनी काही तरुणांना अमेरिकेला पाठवायचे ठरविले, त्यांत आंबेडकरांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. शिक्षण संपताच दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, अशी त्यात अट होती.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी या पैशाचा कसा उपयोग केला, हे सर्वश्रुत आहे. जेवणात काटकसर, घरी पाठविण्यासाठी काही रक्कम आणि उरलेले सारे पुस्तकांवर. १९१५ साली एम. ए. झाले, पुढच्या वर्षी प्रबंध तयार झाला आणि त्यांनी लंडन गाठले. तेथे कायदा व अर्थशास्त्र यांचा अभ्यास सुरू झाला, पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मागाहून येणारे त्यांचे सामान ज्या जहाजावर होते, ते महायुद्धात टॉर्पेडोने बुडाले. त्यात त्यांची पुस्तकेही होती.

पुढचा प्रसंग शिष्यवृत्तीच्या कोणत्याही नियमावलीत बसत नाही. कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. दरबाराने त्यांच्या शिक्षणावर खर्च केला होता, पण बडोदे शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी कसेबसे दहा दिवस काढले. कचेरीतील शिपाई कागद लांबून टेबलावर टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेत आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. परिचितांनीही आसरा दिला नाही. एका उद्यानात बसून त्यांनी गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि रात्री मुंबईची गाडी धरली.

करार मोडला तो अशा रीतीने. तरीही शिक्षणावर झालेल्या खर्चाची परतफेड करावी, अशी संस्थानाची मागणी पुढे वर्षानुवर्षे येत राहिली. सयाजीरावांचा उदारपणा खरा होता, परंतु नोकरशाहीच्या वहीत मात्र हा उच्चशिक्षित तरुण केवळ एक थकबाकीदार ठरला!

लंडनचे अपुरे शिक्षण त्यांनी स्वतःच्या बळावर पुरे केले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांनी साह्य केले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा रवाना झाले. १९२३ साली ते परतले तेव्हा बॅरिस्टर झालेले होते. त्याच वर्षी लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली तिने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. खोलीअभावी नोकरी सोडलेल्या माणसाने आधी वसतिगृहाकडे लक्ष द्यावे, हे स्वाभाविकच होते.

पुणतांब्यापासून काही कोसांवरच्या हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये महार वतनदारांची परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब तेथे आले होते. वतनाची तुटपुंजी जमीन आणि तिच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणारी गावकी, हा त्या परिषदेचा विषय होता. गावकीत जुंपलेल्या घरातून मुलाला महाविद्यालयात पाठविणे किती कठीण आहे, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणाचा भाग मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यांनी दयेची याचना केलेली नाही, हिशेब मांडला आहे. बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगड मुस्लिम विद्यापीठ यांना केंद्र सरकार दरसाल प्रत्येकी तीन लाख रुपये अनुदान देते, मग अनुसूचित जातींसाठी तेवढीच रक्कम का नसावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन लाख देशातील विद्यापीठांत विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्यांसाठी आणि एक लाख परदेशी शिक्षणासाठी, अशी त्यांची मागणी होती. विज्ञान व तंत्रशिक्षण महाग असते आणि सरकारी मदतीवाचून ते या मुलांच्या आवाक्यात येणार नाही, हे त्यांनी हेरले होते.

सरकारने तीन लाखांची तरतूद मान्य केली आणि १९४४-४५ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींनाही त्या लागू झाल्या. येथे कोणा महाराजांची मर्जी सांभाळावी लागत नव्हती, की दहा वर्षांच्या चाकरीच्या करारावर सही करावी लागत नव्हती. पात्र विद्यार्थ्याचा तो सरकारवरचा हक्क होता. १९१३ साली सही करणाऱ्याला हा फरक निश्चितच जाणवला असेल.

सरकारी पैशाने सारे भागत नाही, याचीही जाणीव त्यांना होती. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले, ते नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग घेऊन. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयाचा प्रारंभ झाला आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून मुले तेथे येऊ लागली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणारी महाराष्ट्र शासनाची 'स्वाधार' योजना त्यांच्याच नावाने २०१६-१७ पासून सुरू झाली. बडोद्यात ज्यांना खोली नाकारली गेली, त्यांच्याच नावावर आता पुण्या-नाशकातल्या खोलीचे भाडे भरले जाते.