ओहमची तार

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी विमान बांधलं, तेव्हापासून अंबाजोगाईच्या आमच्या होस्टेलवर एकच वाद: विमानात वायर किती जाडीची? जाड घेतली तर वजन वाढतं, बारीक घेतली तर तापते. मला तर जॉर्ज ओहमच आठवतो.

१७८९ साली जर्मनीत जन्मलेला हा कुलूपवाल्याचा पोरगा कोलोनच्या शाळेत मास्तर होता. बॅटरीचा दाब टिकेना, म्हणून तांबं-बिस्मथचा सांधा तापवून त्याने वीज घेतली अन् लहानमोठ्या तारा जोडून मोजमापं केली. लांबी वाढली की रोध वाढतो, जाडी वाढली की घटतो. १८२७ च्या पुस्तकाला कुणी विचारलं नाही. बिचाऱ्याने नोकरीच सोडली! लंडनचं कोप्ले पदक १८४१ मध्ये मिळालं, १८५४ मध्ये तो गेला. १४ व्होल्टच्या विमानात सतत चालणाऱ्या दिव्याच्या वायरीत अर्धाच व्होल्ट घट चालते. शेपटीपर्यंतची वायर आजही त्याच्याच सूत्राने निवडतात.