हातांनी बोलणारे घर

घरात दहा-अकरा महिन्यांचे मूल असले की सगळ्या घराला एक नवी भाषा येऊ लागते. पाहुणे निघाले की ते पंजा हलवून टाटा करते, देवघरासमोर दोन्ही हात जोडून जय करते, भुर्र जायचे असले की दाराकडे बोट दाखवते आणि नको असलेला घास पुढे आला की मान इतक्या जोरात हलवते की आजीच्या हातातला चमचा सांडतो. तोंडातून अजून एकही धड शब्द फुटलेला नसतो. पण सांगायचे ते सांगून झालेले असते.

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आज्या आता एक नवल सांगतात. तिकडे काही आईवडील तान्ह्या मुलांना मुद्दाम खुणा शिकवतात. मूठ उघडमिट केली की दूध, दोन्ही हातांची बोटे जुळवून एकमेकांवर टेकवली की आणखी हवे. मुलाला नीट ऐकू येत असते, पुढे ते बोलणारही असते. तरीही या खुणा. आजीच्या मनात मग साहजिकच शंका येते. हाताने काम भागते म्हटल्यावर मूल बोलायचा कंटाळा तर करणार नाही ना?

ही शंका आजची नाही. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात एक घर असे होते, की तिथली आठही मुले आईच्या मांडीवर खुणांची भाषा शिकली आणि वडिलांकडून इंग्रजी. त्या मुलांना ऐकू येत होते. आई मात्र जन्मापासून कर्णबधिर होती. या घराचे कर्ते होते थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट. अमेरिकेत कर्णबधिरांच्या शिक्षणाचा पाया घालणारा माणूस म्हणून त्यांचे नाव जगाला ठाऊक आहे. त्यांच्या घराची गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही.

अंगणात लिहिलेला शब्द

थॉमस यांचा जन्म १० डिसेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात झाला. ते तेरा वर्षांचे होण्याच्या सुमारास कुटुंब कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे राहायला आले. मुलगा बुद्धीने तल्लख, पण प्रकृतीने तोळामासा. १८०५ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, ते येल महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यानंतर मात्र त्यांचे पाऊल कुठे ठरेना. काही काळ त्यांनी वकिलीचा अभ्यास केला, येलमध्ये शिकवण्याची नोकरी केली, फिरता विक्रेता म्हणून गावोगाव हिंडले. शेवटी धर्मोपदेशक व्हायचे ठरवून त्यांनी अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि १८१४ साली तिथले शिक्षण पूर्ण केले. सव्वीस वर्षांचा, अंगाने किरकोळ, स्वभावाने भिडस्त असा हा तरुण त्याच वर्षी हार्टफर्डला घरी आलेला होता.

शेजारी डॉक्टर मेसन कॉग्जवेल राहत. त्यांची मुलगी अ‍ॅलिस तेव्हा नऊ वर्षांची होती. दोन वर्षांची असताना तापाच्या आजारात तिचे ऐकणे गेले आणि त्याबरोबर बोलणेही. एके दिवशी गॅलोडेट यांची भावंडे अंगणात खेळत होती आणि अ‍ॅलिस बाजूला उभी होती. गॅलोडेट तिच्याजवळ गेले. आपली हॅट तिला दाखवली आणि काठीने जमिनीवर हॅट हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला. पुन्हा हॅट, पुन्हा अक्षरे. मातीतल्या त्या रेघा आणि हातातली ती वस्तू यांचा काही संबंध आहे, हे त्या मुलीला उमगले. पुढच्या सगळ्या इतिहासाची सुरुवात या लहानशा गोष्टीपासून झाली, असे मानले जाते.

डॉक्टर कॉग्जवेल हे नुसते हळहळत बसणारे वडील नव्हते. राज्यात अशी मुले-माणसे किती आहेत, याची त्यांनी धर्मोपदेशकांमार्फत मोजणी करवली. एकट्या कनेक्टिकटमध्ये ८४ कर्णबधिर निघाले. त्यांच्यासाठी देशात एकही कायमची शाळा नव्हती. १८१५ च्या एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या घरी गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली, वर्गणी काढली आणि युरोपात जाऊन ही विद्या शिकून यायची कामगिरी गॅलोडेट यांच्यावर सोपवली. मे महिन्यात ते बोटीत बसले.

विलायतेत त्यांच्या पदरी निराशा आली. तिथे कर्णबधिरांना शिकवण्याचा मक्ता ब्रेडवूड या घराण्याकडे होता. ओठांच्या हालचाली वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवण्यावर त्यांचा भर असे. ही पद्धत म्हणजे त्यांचे पोटाचे साधन, म्हणून ती गुप्त ठेवलेली. लंडनच्या शाळेने सांगितले, तीन वर्षे साहाय्यक म्हणून राबा. एडिंबरोचे शिक्षक शिकवायला तयार होते, पण गुप्ततेच्या कराराने त्यांचे हात बांधलेले होते. घरी अ‍ॅलिस वाट पाहत होती आणि इथे महिन्यांमागून महिने चालले होते.

दार उघडले ते फ्रान्सचे. पॅरिसच्या सरकारी कर्णबधिर शाळेचे प्रमुख आबे सिकार आपल्या दोन कर्णबधिर शिष्यांसह लंडनला आले असताना गॅलोडेट यांची त्यांच्याशी भेट झाली होती. पॅरिसची शाळा खुणांच्या भाषेतून शिकवीत असे आणि ती विद्या कुणापासून लपवीत नसे. १८१६ च्या वसंतात गॅलोडेट तिथे दाखल झाले. पण पैसे संपत आले होते आणि एवढी मोठी भाषा दोन-तीन महिन्यांत शिकून होणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी तिथल्या लोराँ क्लेर या तरुण शिक्षकालाच अमेरिकेला चलण्याची गळ घातली. क्लेर स्वतः कर्णबधिर. तान्हेपणी आगीत पडल्याने त्यांच्या गालावर व्रण राहिला होता. त्या व्रणावरून दोन बोटे फिरवली की झाले त्यांचे नाव!

१८ जून १८१६ रोजी त्यांचे जहाज निघाले आणि बावन्न दिवसांनी न्यूयॉर्कला लागले. समुद्रावरच्या त्या दिवसांत क्लेर यांनी गॅलोडेट यांना खुणा शिकवल्या आणि गॅलोडेट यांनी क्लेर यांना इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डला सात विद्यार्थ्यांवर शाळा सुरू झाली. पहिली विद्यार्थिनी अर्थातच अ‍ॅलिस.

सोफियाचा संसार

त्याच वर्षी गिलफर्ड गावातून एका शेतकऱ्याच्या दोन कर्णबधिर मुली या शाळेत आल्या. त्यांतली धाकटी सोफिया फाउलर. वय वर्षे एकोणीस. तोवर तिने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. लिहिणे-वाचणे नाही, घरातल्या चार खुणा एवढीच तिची भाषा. शाळेत आल्यावर मात्र ही मुलगी झपाट्याने शिकली. १८२१ च्या ऑगस्टमध्ये तिचे आणि गॅलोडेट यांचे लग्न झाले. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि ती तेवीस वर्षांची. येलचा पदवीधर धर्मोपदेशक आणि चार वर्षांपूर्वी निरक्षर असलेली कर्णबधिर मुलगी, हा संसार त्या काळात लोकांच्या भुवया उंचावणाराच होता.

या संसारात पुढे आठ मुले झाली. आठही जणांना ऐकू येत होते. मूल रडले तर आईला कसे कळणार, ते बोलायला कुणाकडून शिकणार, असे प्रश्न आजही एखाद्या कर्णबधिर सुनेच्या बाबतीत कुजबुजले जातात. सोफियाने त्यांना आपल्या संसारानेच उत्तर दिले. मुले आईशी हातांनी बोलत, वडिलांशी आणि शेजाऱ्यांशी तोंडाने. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलांचे जसे होते तसेच त्यांचे झाले. बेळगावच्या गल्लीत मराठी आणि कानडी एकदम शिकणारी मुले आपण पाहतोच. कुणाशी काय बोलायचे ते त्यांना शिकवावे लागत नाही. गॅलोडेट यांच्या मुलांना इंग्रजी ऐकायला वडील होते, आजूबाजूला गाव होते, हेही इथे लक्षात ठेवले पाहिजे. खुणांमुळे त्यांची वाचा अडली नाही. थोरला थॉमस पुढे धर्मोपदेशक झाला आणि त्याने न्यूयॉर्कमध्ये कर्णबधिरांसाठी चर्च स्थापन केले. त्याची पत्नीही कर्णबधिर होती.

घरातला हा अनुभव गॅलोडेट यांनी वाया जाऊ दिला नाही. कर्णबधिरांच्या शिक्षणाला वाहिलेले एक नियतकालिक हार्टफर्डहून निघू लागले, तेव्हा त्याच्या पहिल्याच खंडात, १८४७-४८ च्या सुमारास, त्यांनी खुणांच्या नैसर्गिक भाषेवर विस्ताराने लिहिले. कर्णबधिर मुलाच्या आईने आणि भावंडांनी त्याच्या खुणा उचलाव्यात, त्या वाढवाव्यात, म्हणजे शाळेत जाण्याआधीच त्याचे मन उघडेल, असा त्यांचा आग्रह होता. चेहऱ्यावरचे भाव आणि हातांची हालचाल यांचा उपयोग ऐकू येणाऱ्या मुलांच्या शिक्षणातही होतो, हे त्यांना पटलेले होते. १८३९ मध्ये आमिस्टाड जहाजावरचे आफ्रिकी बंदिवान कनेक्टिकटमध्ये आणले गेले आणि त्यांची भाषा कुणालाच कळेना, तेव्हा गॅलोडेट त्यांच्याशी खुणांनी बोलायला गेले होते.

त्यांच्या कामाची मूळ प्रेरणा धर्माची होती. ज्याला भाषा नाही त्याच्यापर्यंत देवाचे नाव पोहोचणार कसे, ही त्यांची तळमळ. आज ती आपल्याला वेगळी वाटेल. पण त्या तळमळीतून शाळा उभी राहिली. प्रकृती साथ देईना, तेव्हा १८३० मध्ये त्यांनी शाळेचे प्रमुखपद सोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टर कॉग्जवेल वारले आणि त्यांच्या पाठोपाठ काही दिवसांतच पंचवीस वर्षांची अ‍ॅलिसही गेली. पुढची वर्षे गॅलोडेट यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिण्यात आणि हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून काम करण्यात घालवली. १० सप्टेंबर १८५१ रोजी त्यांचे निधन झाले.

आईची भाषा घेऊन उभा राहिलेला मुलगा

त्या वेळी धाकटा एडवर्ड चौदा वर्षांचा होता. आईच्या हातांवर वाढलेला हा मुलगा वयाच्या विसाव्या वर्षी, १८५७ मध्ये, वॉशिंग्टनच्या नव्या कर्णबधिर शाळेचा प्रमुख झाला. विधवा सोफिया त्याच्याबरोबर गेली आणि तिने वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. १८६४ मध्ये अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे या महाविद्यालयाला गॅलोडेट यांचे नाव दिले गेले. आज ते कर्णबधिरांचे जगप्रसिद्ध विद्यापीठ आहे. तिथे १८८९ मध्ये बसवलेल्या शिल्पात गॅलोडेट आणि छोटी अ‍ॅलिस एकमेकांशेजारी आहेत आणि बोटांनी इंग्रजी वर्णमालेतले पहिले अक्षर काढीत आहेत.

दुसरीकडे वारे उलटे वाहू लागले होते. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि तिने शाळांमधून खुणा हद्दपार करून फक्त तोंडी बोलणे शिकवावे, असा ठराव केला. खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती त्यामागे होती. ठरावाला विरोध करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधींमध्ये एडवर्ड आणि थॉमस हे दोघे भाऊ होते. आईच्या भाषेने आपली वाचा गेली नाही, याचे जिवंत पुरावेच सभागृहात बसलेले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे कित्येक पिढ्या शाळाशाळांतून खुणा करणाऱ्या मुलांचे हात अडवले गेले. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले.

दरम्यान विज्ञान पुढे सरकले. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे १९६० पासून भाषाशास्त्राने मान्य करायला सुरुवात केली. खुणा पाहत वाढणारी बाळे हातांनीही बोबडे बोलतात, हे १९९१ मध्ये दाखवून देण्यात आले. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुसन गुडविन यांनी ऐकू येणाऱ्या बाळांच्या खुणांचा अभ्यास केला आणि त्यातून आजची बाळखुणांची लाट आली. हात आधी वळतात, जीभ मागाहून वळते, एवढे साधे त्याचे कारण.

या लाटेबरोबर अतिशयोक्तीही आली. खुणांनी मूल हुशार होते, लवकर बोलते, असे दावे केले गेले. त्यांना भक्कम आधार मिळालेला नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात खुणा शिकलेली आणि न शिकलेली बाळे बोलण्याच्या बाबतीत सारखीच निघाली. फरक दिसला तो आयांमध्ये. खुणांकडे लक्ष ठेवणाऱ्या आया बाळाच्या मनात काय चालले आहे, याचा अधिक विचार करू लागल्या. म्हणजे आजीच्या शंकेचे उत्तर असे : खुणांनी बोलणे अडत नाही. मात्र खुणा करताना तोंडानेही बोलत राहावे. आणि मूल वेळेवर आवाजाला दाद देत नसेल, बोलत नसेल, तर खुणांवर विसंबून न राहता त्याचे कान तपासून घ्यावेत.

या कथेला एक बोचरी बाजू आहे. ज्या मुलांना खुणांवाचून चालते, त्यांना त्या हौसेने शिकवल्या जातात; आणि ज्या कर्णबधिर मुलांची ती खरी गरज आहे, त्यांच्या घरात मात्र लोक काय म्हणतील म्हणून हात आवरले जातात. आपल्याकडेही भारतीय सांकेतिक भाषा आहे. ती अमेरिकेतल्या भाषेहून वेगळी आहे आणि तिच्यासाठी २०१५ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत १९८३ पासून कर्णबधिरांसाठी काम चालते. तरीही शेजारच्या कर्णबधिर मुलाशी दोन खुणा बोलू शकणारी किती मुले आपल्या वस्तीत सापडतील?

गॅलोडेट सव्वीसाव्या वर्षी अंगणात उतरले तेव्हा त्यांना खुणांच्या भाषेचे काहीच ज्ञान नव्हते. बाजूला उभी असलेली मुलगी त्यांना दिसली, इतकेच. आपल्या अंगणात आज कोण बाजूला उभे आहे, हे या रविवारी मुलांबरोबर एकदा पाहायला हवे.