श्रमाचे उपासक बाबा आमटे

विदर्भाच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. साग, बांबू आणि मोह यांच्या दाट अरण्यांनी हा प्रदेश व्यापलेला आहे. १९८२ पर्यंत या दोहोंचा मिळून एकच जिल्हा होता. या अरण्यभूमीत, समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या हातांनी एक गाव उभे राहिले. त्या गावाचे नाव आनंदवन, आणि ते वसविणाऱ्या थोर पुरुषाचे नाव बाबा आमटे.

बाबांचे पूर्ण नाव मुरलीधर देवीदास आमटे. २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरी कशाचीच उणीव नव्हती. तरुणपणी त्यांना शिकारीचा व वेगवान मोटारींचा शौक होता. नागपुरास कायद्याचे शिक्षण घेऊन पुढे ते वरोरा येथे वकिली करू लागले. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात पकडल्या गेलेल्या देशभक्तांची त्यांनी न्यायालयात बाजू मांडली आणि स्वतः तुरुंगवासही भोगला. आगगाडीत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना ते एकटे सामोरे गेले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांचा अभयसाधक म्हणून गौरव केला.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत काम करीत असता, सफाई कामगारांचे दुःख स्वतः जाणावे म्हणून बाबांनी मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. अशाच एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या कडेला पडलेला एक निराधार कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. त्याचे हातपाय झडलेले होते आणि जखमा चिघळल्या होत्या. कोणालाही न भिणारे बाबा त्या दर्शनाने भ्याले व तेथून दूर गेले. परंतु त्यांचे मन त्यांना स्वस्थ बसू देईना. जेथे भीती आहे तेथे प्रेम राहू शकत नाही, हे त्यांना उमगले. ते परत फिरले आणि त्या अभाग्याची सेवा करू लागले. तो फार दिवस जगला नाही. पण बाबांच्या आयुष्याला त्याने नवी दिशा दिली.

कुष्ठरोग हा जंतूंमुळे होतो. तो मज्जातंतूंवर आघात करतो. त्यामुळे हातापायांची संवेदना नाहीशी होते. औषधाने तो बरा होतो. परंतु त्या काळी लोक त्याला पापाचे फळ समजत आणि रोग्याला घराबाहेर काढीत. भीक मागण्यावाचून त्याला दुसरी गती नसे. बाबांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. कलकत्त्यास जाऊन त्यांनी या रोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले, आणि संशोधनासाठी स्वतःच्या शरीरावर जंतूंचा प्रयोगही करू दिला.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळची पन्नास एकर खडकाळ जमीन संस्थेला मिळाली. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर बाबा तेथे राहावयास गेले. पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुले त्यांच्यासमवेत होती. चोहोंकडे झुडपांचे रान होते. साप, विंचू आणि वाघ यांचा तेथे संचार असे. पिण्याचे पाणीही जवळ नव्हते. बोटे गमावलेल्या त्या माणसांनी बाबांच्या बरोबरीने खडक फोडून विहीर खणली. कित्येक आठवड्यांनी पाणी लागले. मग माळ हिरवा झाला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. रोग्यांनी पिकविलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. दया म्हणून जे पैसे देत, तेही त्यांच्या हातची भाजी नाकारीत. बाबांना दया नको होती. दानावर जगणारा मनुष्य स्वतःचा मान गमावून बसतो, अशी त्यांची धारणा होती. अशा वेळी परदेशांतील स्वयंसेवकांची एक तुकडी आनंदवनात आली. ते रोग्यांसोबत राहिले, त्यांच्या पंक्तीला जेवले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती बांधल्या. हे पाहून गावकऱ्यांच्या मनातील भीती ओसरली. आनंदवनाची भाजी आणि दूध बाजारात खपू लागले.

शेतीमागोमाग उद्योग आले. कोणी हातमागावर कापड विणू लागला, कोणी पादत्राणे शिवू लागला, तर कोणी पत्र्याचे डबे करू लागला. अशा रीतीने वसाहत आपल्या पायावर उभी राहिली. पुढे तर विशेष गोष्ट घडली. १९६४ मध्ये आनंदवनाच्या भूमीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या बांधकामात रोगमुक्त झालेल्यांचे हात राबले. ज्यांच्या हातची भाजी गावाने नाकारली होती, त्यांनीच गावाच्या मुलांना विद्येचे मंदिर बांधून दिले! पाठोपाठ शेतकी महाविद्यालय आणि अंध मुलांची शाळाही निघाली.

बाबांची दृष्टी आता दूरच्या अरण्याकडे वळली. १९७३ मध्ये भामरागडच्या दाट जंगलात हेमलकसा येथे त्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथील माडिया आदिवासींना ना दवाखाना होता, ना शाळा. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी तेथे जाऊन प्रथम माडिया भाषा शिकून घेतली. मग झोपडीत दवाखाना चालविला. १९७६ मध्ये शाळा निघाली. तिच्यात शिकलेली काही मुले पुढे स्वतः डॉक्टर आणि शिक्षक झाली.

पाठीच्या कण्याच्या विकारामुळे उत्तरायुष्यात बाबांना बसता येत नसे. ते आडवे पडून किंवा उभ्याने काम करीत. तशा स्थितीतही १९८५ मध्ये तरुणांना घेऊन ते कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडण्याच्या यात्रेस निघाले. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचे देहावसान झाले आणि तेथील मातीतच त्यांना समाधी देण्यात आली.

गरजवंताला भाकरी देणे चांगलेच. परंतु त्याच्या हाती काम आणि कौशल्य देऊन त्याला पुन्हा माणूस म्हणून उभे करणे त्याहूनही श्रेष्ठ होय. बाबांनी आयुष्यभर हेच कार्य केले.