वेगाच्या शर्यतीत मागे पडला, पण अख्ख्या कुटुंबाला गाडीत बसवून गेला : रोलर कोस्टरवाल्या थॉम्पसनची गोष्ट

दिवाळी सरली की गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि मैदानाच्या कडेला आकाशपाळणा. त्याच्याच बाजूला ड्रॅगनचं तोंड लावलेली एक छोटी गाडी रुळावर गोल गोल फिरत असते. आत चार-पाच वर्षांची पोरं, कठड्याबाहेर हात हलवणारे आईबाप. एक छोटा चढ, एक छोटा उतार, की पोरं पुन्हा आईबापासमोर हजर.

आपल्याला वाटतं, मोठ्यांचा रोलर कोस्टर आधी आला आणि मग मुलांसाठी त्याची लहान, हळू गाडी बनली. अमेरिकेत मात्र उलट घडलं. तिथे ज्या गाडीने या धंद्याला खरी सुरुवात झाली, ती सायकलपेक्षाही हळू होती. ती बनवणाऱ्याचं नाव लामार्कस अॅडना थॉम्पसन.

थॉम्पसनचा जन्म 1848 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. बालपण मिशिगन राज्यातल्या हिल्सडेल गावात गेलं. लहान वयातच त्याचा हात सुतारकामात बसला होता. पुढे तो इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी आला. तिथे त्याने बिनशिवणीचे पायमोजे विणणारं यंत्र तयार केलं. कारखाना चालला, पैसा आला, पण कामाच्या ताणाने तब्येत ढासळली आणि त्याला धंद्यातून बाजूला व्हावं लागलं.

इथून त्याचं लक्ष खेळाच्या गाडीकडे वळलं.

ही कल्पना काही आभाळातून पडली नव्हती. रशियात लोक फार आधीपासून बर्फाच्या उंच घसरगुंड्यांवरून घसरत होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या गावी 1827 पासून कोळशाच्या गाड्या डोंगरावरून नुसत्या उताराच्या जोरावर खाली येत. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं होती आणि उतरताना ती खेचरंही गाडीत बसून खाली यायची! पुढे कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने सुरू झाली आणि या रुळांवरून लोक हौसेने फिरू लागले. अशा गाडीची पेटंटंही थॉम्पसनच्या आधी दुसऱ्यांनी घेतली होती. थॉम्पसनने ती चालवून, कमावून दाखवली.

1884 च्या जून महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर त्याची 'स्विचबॅक रेल्वे' सुरू झाली. सुमारे 600 फूट लांब लाकडी मार्ग आणि दोन्ही टोकांना सुमारे 50 फूट उंच मनोरे. लोक जिना चढून वर जायचे आणि बाकावर बसायचे. हे बाक पुढे तोंड करून नव्हते, आडवे होते, म्हणजे समोर किनाऱ्याचा देखावा दिसायचा. गाडी लहान-मोठे उतार घेत समोरच्या मनोऱ्यापर्यंत जायची. तिथे सगळे उतरायचे, माणसं गाडी ढकलून वर न्यायची आणि मग दुसऱ्या रुळावरून परतीचा प्रवास.

वेग ताशी 6 मैल, म्हणजे जेमतेम 10 किलोमीटर. तिकीट 5 सेंट. दिवसाची कमाई 600 डॉलरपर्यंत जायची असं सांगितलं जातं. हिशेब केला तर दिवसाला 12,000 फेऱ्यांची तिकिटं!

इतक्या हळू गाडीला एवढी गर्दी का? त्या काळी कोनी आयलंड दारूचे गुत्ते आणि जुगारासाठी बदनाम होतं. बायकापोरांना घेऊन जावं, असं तिथे फार काही नव्हतं. थॉम्पसनला नेमकी अशी करमणूक द्यायची होती, जिच्यात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसतील.

जानेवारी 1885 मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण तोवर स्पर्धा दारात उभी होती. चार्ल्स अल्कोक याने असा मार्ग बांधला की गाडी वळण घेऊन निघाल्या जागी परत येई. मध्ये उतरायची गरजच उरली नाही. 1885 मध्ये फिलिप हिंकल याने गाडी यंत्राने वर ओढायला सुरुवात केली आणि बाकही पुढे तोंड करून बसवले. लोकांना जास्त उंच, जास्त वेगवान गाडी मिळाली. वर्षभरापूर्वीची नवलाई जुनी झाली.

आता थॉम्पसनपुढे प्रश्न होता : आणखी उंच बांधायचं की दुसरं काही करायचं?

त्याने दुसरं काही केलं. 1887 मध्ये अटलांटिक सिटीत त्याची 'सीनिक रेल्वे' आली. यंत्राने ओढण्याची सोय त्यानेही घेतली, पण भर दिला देखाव्यावर. गाडी बोगद्यात शिरली की तिच्या येण्यानेच दिवे लागायचे आणि अंधारातून रंगवलेले डोंगर, दऱ्या, दूरदेशीची दृश्यं समोर उभी राहायची. पोटात गोळा येण्यापेक्षा पुढे काय दिसणार, याची उत्सुकता जास्त. गाडीवर ब्रेक सांभाळणारा माणूसही असायचा. 1895 मध्ये त्याने या गाड्या बांधणारी स्वतःची कंपनी काढली. आयुष्यभरात तीसच्या आसपास पेटंटं त्याच्या नावावर झाली.

1919 मध्ये त्याचं निधन झालं. त्याच वर्षी जॉन मिलर याला रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकाचं पेटंट मिळालं. त्याआधी गाडी रुळावर नुसती टेकलेली असायची. टेकाडावरून फार जोरात गेली तर ती उचलली जाण्याची भीती होती. मिलरच्या चाकाने ती भीती गेली आणि खऱ्या अर्थाने थरारक कोस्टर उभे राहू लागले. थॉम्पसनच्या सावकाश गाड्या एकेक करून मोडीत निघाल्या.

त्याचा प्रश्न मात्र आजही गाडी बनवणाऱ्यांसमोर आहे : लहान मूल घाबरणार नाही आणि सोबतचा मोठा माणूस कंटाळणार नाही, अशी गाडी कशी करायची?

गाडी लांब असेल तर पुढचे डबे उताराला लागतात आणि मागच्या डब्यांना टेकाडावरून झटक्यात खेचतात. म्हणून लहान मुलांसाठी टेकाडं कमी उंचीची, वळणं सौम्य आणि वेग बेताचा ठेवतात. बाप आणि लेक एकाच दांडीखाली बसले तर दांडी बापाच्या मांडीवर अडते आणि लेक मोकळाच राहतो. म्हणून प्रत्येकाला वेगळी दांडी चांगली. आणि गाडीला काही गोष्ट असली, म्हणजे ती ड्रॅगन असेल किंवा खाणीतली गाडी असेल, तर मूल वेगाचा विचारच करत नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकातली 'गोल्ड रश एक्सप्रेस' ही अशीच खाणगाडी आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लुना पार्कमध्ये 1912 ची सीनिक रेल्वे अजून धावते. तिच्यात आजही डब्यांच्या मधोमध एक माणूस उभा राहतो आणि उतार आला की हाताने ब्रेक ओढतो. इकडे मंडईत एखादं पोर रडायला लागलं, की गाडीवाला बटणावर हात ठेवून आधी त्याच्या आईकडे बघतो. थॉम्पसनचं नाव या दोघांपैकी कुणी ऐकलं असो वा नसो, काम त्याचंच चालू आहे.