सुकुमार सेन आणि यादीतून गळलेल्या स्त्रिया
सुकुमार सेन मूळचे गणिताचे विद्यार्थी. सनदी सेवेत राहून ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले आणि मार्च १९५० मध्ये देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. नेहरूंना निवडणुकीची घाई होती. सेनांनी मात्र आधी कायदा व मतदारयादी, मग मतदान, हा क्रम सोडला नाही. मतदार १७ कोटींवर, बहुसंख्य निरक्षर. म्हणून चिन्हे आणि प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी. परंतु अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यांनी गाळली. हा निर्णय मला आजही सलतो; तथापि मताधिकार कुटुंबाचा नव्हे, व्यक्तीचा, हे याहून स्पष्ट कसे सांगता आले असते? १९५७ ची निवडणूकही त्यांनीच पार पाडली. जुन्या मतपेट्या जपल्यामुळे खर्च वाचला (अर्थशास्त्राच्या शिक्षकाला हे नोंदवल्यावाचून राहवत नाही), आणि बहुसंख्य स्त्रिया आता स्वतःच्या नावाने यादीत होत्या.