सर रिचर्ड ओवेन आणि पोपटाचा जबडा

पेरूच्या झाडावर बसलेला पोपट आपण सर्वांनींच पाहिला आहे. त्याच्या वांकड्या चोंचीचें आपणांस कौतुक वाटतें. पण तिच्या आंतील हाडांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आपला खालचा जबडा तेवढा हलतो. पोपटाचा वरचा जबडाही कवटीस बिजागरीप्रमाणें जोडलेला असल्यामुळें हलतो, आणि म्हणूनच कठीण बीही तो लीलेनें फोडतो. अशा एका पोपटाच्या केवळ खालच्या जबड्यावरून एक नामशेष जात ज्यांनीं जगाच्या नजरेस आणली, त्या सर रिचर्ड ओवेन ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

ओवेन ह्यांचा जन्म इंग्लंडांतील लँकेस्टर गांवीं 20 जुलै 1804 रोजीं झाला. लहानपणींच त्यांचें पितृछत्र हरपलें. सोळाव्या वर्षीं ते एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवारी करूं लागले. पुढें एडिंबरो व लंडन येथें वैद्यकाचा अभ्यास करून ते लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या कॉलेजांतील संग्रहालयांत लागले. तेथें जॉन हंटर ह्यांनीं जमविलेले हजारों नमुने होते. परंतु त्यांविषयींचीं हस्तलिखितें जाळलीं गेलीं होतीं. त्यामुळें प्रत्येक हाड हातीं घेऊन, मोजून व दुसऱ्याशीं ताडून तें कोणत्या प्राण्याचें हें ठरवावें लागे. ह्या कष्टाच्या कामानेंच ओवेन ह्यांची नजर तयार झाली.

त्या नजरेची कसोटी 1839 सालीं लागली. न्यूझीलंडाहून आलेला, दोन्हीं टोकें मोडलेला, सुमारें 15 सेंटिमीटर लांबीचा हाडाचा एक तुकडा त्यांजपुढें आला. हें शहामृगाएवढ्या थोर पक्ष्याचें हाड होय, असें त्यांनीं जाहीर केलें. पुष्कळांस शंका वाटली. परंतु 1843 सालीं विल्यम विल्यम्स नांवाच्या मिशनऱ्यानें तिकडून पाठविलेलीं हाडें पोंचलीं आणि ओवेन ह्यांचें अनुमान खरें ठरलें. तो पक्षी म्हणजे मोआ. ‘डायनोसॉर’ हें नांवही 1842 सालीं त्यांनींच रूढ केलें.

आतां पोपटाकडे वळूं. आपल्या कोंकणांतून कित्येक कुटुंबें ज्या मॉरिशस बेटास गेलीं, तेथें 1865 सालीं जॉर्ज क्लार्क ह्या शाळामास्तरांनीं एका दलदलींत मजूर उतरविले. चिखलांत अनवाणी पायांनीं चांचपून त्यांनीं डोडोचीं हाडें काढलीं. त्यांबरोबर एका मोठ्या पोपटाचा खालचा जबडाही मिळाला. 1866 सालीं ओवेन ह्यांनीं त्याचें वर्णन करून त्या जातीस मॉरिशसचें नांव दिलें. पुढें 1601 सालच्या एका डच जहाजावरील रोजनिशींत त्याच पोपटाचें तुरेदार चित्र सांपडलें. नंतर मिळालेल्या हाडांच्या मापांवरून नर 55 ते 65 व मादी 45 ते 55 सेंटिमीटर लांब असावी, असें ठरलें. नर व मादी ह्यांच्या कवट्यांत इतका भेद दुसऱ्या कोणत्याही पोपटांत नाहीं.

येथेंच आम्हांस एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. केंब्रिजचे आल्फ्रेड न्यूटन डोडोच्या हाडांवर निबंध लिहूं पाहत होते. पण ओवेन ह्यांनीं आपलें वजन खर्चून तो मान स्वतःकडे ओढला, आणि न्यूटन ह्यांस माघार घ्यावी लागली. दुसऱ्याच्या श्रमाचें श्रेय मोकळ्या मनानें देणें त्यांस अनेकदां जड गेलें. ह्यामुळें त्यांस पुष्कळ शत्रू झाले.

तथापि एक मोठें लोककार्य त्यांच्या हातून घडलें. निसर्गवस्तूंचें स्वतंत्र संग्रहालय असावें म्हणून ते अनेक वर्षें झगडले, व 1881 सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागांत तें सर्वसामान्य लोकांस खुलें झालें. 18 डिसेंबर 1892 रोजीं ते वारले.

विद्यार्थिमित्रहो, ओवेन ह्यांची चिकाटी व मोजमापांतील काटेकोरपणा आपण अवश्य घ्यावा. परंतु चिखलांतून हाडें काढणारे मजूर व ते शाळामास्तर ह्यांस विसरूं नये. हाडाचें माप घेणें शिकतां येतें. दुसऱ्याच्या योग्यतेचें माप प्रामाणिकपणें घेणें हें त्याहून कठीण आहे.